तांबेसाहेबांची सही

१२ जानेवारी २०२५, रविवार

सिस्टर बेनेडिक्टांचा निरोप आला होता म्हणून सकाळी शाळेत गेले. एक्याऐंशी वर्षांच्या झाल्या, पण व्हरांड्यातून येताना चपलांचा आवाज तोच. मला पाहून पहिलं वाक्य, "आम्रपाली, वेणी कुठे गेली?"

मी म्हटलं, "सिस्टर, वेणी जाऊन वीस वर्षं झाली."

"मला कुणी कळवलं नाही," त्या म्हणाल्या.

मागच्या अंगणातली शिवणखोली पाडून तिथे मुलींसाठी वाचनघर बांधायचं आहे. नकाशा मी काढायचा. "आमची मुलगी आर्किटेक्ट असताना बाहेरचा माणूस कशाला? दाराशी दगड बसवू, त्यावर तुझं नाव."

मग सांगून टाकलं. पाच वर्षं मुंबईत शिकले, पदवी आहे, पण कौन्सिलकडे नोंदणी नाही. नोंदणीचा नंबर नसेल तर स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही आणि मंजुरीच्या नकाशावर सही करता येत नाही.

"मग इतकी वर्षं काय करतेस?"

"काढते. सही दुसरे करतात."

सिस्टरनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "जूनमध्ये पाया खणायचा आहे. तोवर नंबर घेऊन ये." गृहपाठ सांगावा तसं.

घरी येऊन बाबांच्या फोटोसमोर बसले. बाबा कोर्टात कारकून होते. आमच्या वाडीतलं कुणी इंग्रजी शाळेच्या फाटकातून आत गेलं नव्हतं, तेव्हा ते मला हाताला धरून सिस्टरसमोर उभे राहिले. मी डावखुरी. बालवाडीत माझा डावा हात ओढणीने बांधून ठेवत. सिस्टरनी पहिल्याच दिवशी पेन्सिल त्याच हातात दिली आणि इंग्रजी ए काढायला सांगितला. आडवी रेघ मी उजवीकडून डावीकडे ओढली. वर्ग हसला. सिस्टर म्हणाल्या, "असू दे. हिचा ए घरी परत येतो." अजून तसाच काढते.

अठ्ठावन्नावं लागलंय. नोंदणी करायची.

१५ जानेवारी

ऑफिसात सुहाससरांना सांगितलं. ते कपात बिस्किट बुडवत होते, ते तुटून चहात पडलं.

"या वयात कशाला दगदग, बाई? शाळेचा नकाशा काढा की. सहीचं मी बघतो, नेहमीसारखं."

नेहमीसारखं म्हणजे पुण्याच्या आर्किटेक्टची सही. सर स्वतः डिप्लोमावाले, त्यांना नोंदणी मिळत नाही. १९९१ साली मी त्यांच्याकडे लागले तेव्हा त्यांनीच कौन्सिलचा फॉर्म मागवला होता. मी सही केली, त्यांनी पाठवला. काही महिन्यांनी म्हणाले, परत आला. नोंदणी असलेल्या आर्किटेक्टच्या हाताखाली दोन वर्षं काम केल्याचा दाखला हवा. बाबा तेव्हा अंगावरून वारं गेल्यामुळे अंथरुणात. मुंबईला कुठून जाणार? सर म्हणाले, काळजी करू नका, पुण्यात माझ्या ओळखीचे आहेत, ते सही करतील. तेव्हापासून मी काढते, आर्किटेक्टच्या नावाची चौकट कोरी ठेवते, सर घेऊन जातात. मला कचेऱ्यांच्या पायऱ्या त्यांनी कधी चढू दिल्या नाहीत. तिथे माणसं कशीही बोलतात म्हणाले.

मी सांगितलं की सिस्टरना माझंच नाव हवंय. सर हसले. "नाव तर आहेच की पाटीवर."

हा आमचा जुना विनोद. पाटीवर आहे 'सुहास अँड असोसिएट्स'. पाटी रंगवली तेव्हा मी विचारलं होतं, असोसिएट्स म्हणजे कोण, सर? ते म्हणाले होते, "तुम्हीच." पूर्ण नाव का नको तेही त्यांनी नीट समजावलं होतं. "आम्रपाली म्हटलं की माणसं पुढचं विचारायला लागतात. मला काही नाही हो, पण लोकांचं सांगतो." मला वाईट वाटू नये म्हणून किती हळू बोलले होते ते.

माझं पदवीचं प्रमाणपत्र फॉर्मच्या वेळेपासून ऑफिसच्या कपाटात आहे. शोधतो म्हणाले. सध्या ते काळजीतच आहेत. एकतीस डिसेंबरला गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरच्या एका लॉजची गॅलरी पडली, एका पाहुण्याचा पाय मोडला. काम आमच्या ऑफिसचं होतं. मी काढलेलं नाही, तो नकाशा झाला तेव्हा मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे दोन महिने घरी होते. अशा वेळी माझं हे मधेच काढायला नको होतं.

संध्याकाळी निघताना त्यांनी ओटीपी मागितला. पीएफचा. वाचून दाखवला.

२२ जानेवारी

प्रमाणपत्राला वाळवी लागली. सरांनी स्वतः सांगितलं, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. दुपारी मिरकरवाड्यावरून माझ्यासाठी सौंदाळे मासे मागवले, साफ करून. माणूस मनाने हळवा आहे.

२५ जानेवारी

काँट्रॅक्टर बाबूचा ऑफिसात फोन. "काय गो ताय, तांबेसायबांची सही झाली काय?"

मी डबा उघडून बसले होते. म्हटलं, "साहेब जेवायला बसलेत."

बाबूला माझं तांबे आडनाव ठाऊक आहे हे आजच कळलं. थट्टा करतो मेला.

३० जानेवारी

धाकट्या भावाला, विनोदला, मुंबईला फोन केला. म्हटलं, विद्यापीठात जाऊन प्रमाणपत्राची दुसरी प्रत काढ.

"ताई, तू लग्नबिग्न करतेयस का या वयात? कागद कशाला हवेत?"

"आर्किटेक्ट होतेय."

त्याचं हसणं थांबलं. मग म्हणाला, "बाबांनी सगळ्या वाडीला सांगितलं होतं, पोरगी आर्किटेक्ट झाली म्हणून. मला वाटायचं तू आहेसच."

उद्या रजा टाकून जातो म्हणाला.

९ फेब्रुवारी

रविवार. वाचनघराची पहिली रेखाटनं. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, जुन्या शिवणखोलीचे सागवानी वासे चांगले आहेत ते परत वापरायचे. खिडकीची खालची कड जमिनीपासून दोन फूट तीन इंचांवर. माझी प्रत्येक खिडकी एवढ्यावरच असते. आमच्या वर्गातल्या खिडक्या उंच होत्या, बाकावर बसलं की फक्त आभाळ दिसायचं. तेव्हाच ठरवलं होतं, मी घरं काढीन तेव्हा बसलेल्या पोरालाही बाहेरचं दिसलं पाहिजे. सर कधी कधी कुरकुरतात, गज जास्त लागतात म्हणून. पण बदलत नाहीत.

कागदाच्या उजव्या कोपऱ्यात आर्किटेक्टच्या नावाची चौकट आखली. रिकामी ठेवली. तिच्याकडे बघत चहा प्यायले.

१८ फेब्रुवारी

प्रमाणपत्राची प्रत आली. विनोदने पाकिटात बाबांचा कोर्टातला फोटोही घातलाय.

२१ फेब्रुवारी

शेजारची मृणाली नगररचना कार्यालयात आहे, तिला असल्या गोष्टी पटापट येतात. तिच्याकडे बसून ऑनलाइन अर्ज भरला. नियम वाचले तर दोन वर्षांच्या दाखल्याचं कुठेच काही नाही, पदवी पुरते. नंतर बदलले असतील.

शेवटचं बटण दाबलं तर लाल अक्षरं आली. या नावाची आणि जन्मतारखेची व्यक्ती आधीच नोंदलेली आहे. खाली एक नंबर, १९९२ सालचा.

मला हसू आलं. म्हटलं, बघ, माझ्याच दिवशी जन्मलेली दुसरी आम्रपाली तांबे आहे कुठेतरी, आणि ती माझ्याआधी झालीसुद्धा आर्किटेक्ट.

मृणाली हसली नाही. तो नंबर पुन्हा पुन्हा वाचत होती. म्हणाली, "मावशी, तुम्ही सोमवारी कौन्सिलला फोन करा. आणि तोवर ऑफिसात काही बोलू नका."

का, विचारलं तर म्हणाली, उगाच. दमलेली असेल. मार्चअखेर आली की त्यांच्याकडे कामाचा डोंगर असतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आधी सगळं लिहून ठेवते.

फोनवरच्या बाईंनी सगळं वाचून दाखवलं. वडील दत्ताराम. जन्म रत्नागिरी. पदवी १९९०. नोंदणी १९९२. नूतनीकरण वेळच्या वेळी, अगदी २०३० सालापर्यंत. पत्ता आमच्या ऑफिसचा.

मीच आहे ती. तेहतीस वर्षं आर्किटेक्ट आहे आणि मला माहीत नाही!

दुपारभर विचार केला आणि मग लख्ख उलगडलं. हे सरांचं काम. फॉर्म नंतर मंजूर झाला असणार, आणि माझं नाव पडू नये म्हणून हा माणूस मुकाट्याने नूतनीकरण करत राहिला. एखाद्या दिवशी हातात प्रमाणपत्र ठेवून चकित करायचं असेल, मग राहून गेलं असेल. कामाच्या धबडग्यात काय काय राहून जातं.

बाबांच्या फोटोला सांगितलं. बाबा, तुम्ही खोटं बोलला नव्हतात.

२७ फेब्रुवारी

पेढे घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, मला कळलंय."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "काय कळलं?"

"माझी नोंदणी. तुम्ही केलीत. इतकी वर्षं जपलीत."

ते उठले, खिडकीशी गेले, पाठ करून उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "तुमच्यासाठीच केलं, बाई. सांगणार होतो." मी पेढा पुढे केला. खाल्ला त्यांनी.

मग म्हणाले, "बरं झालं तुम्ही आलात. कौन्सिलला एका जुन्या कामाचा खुलासा पाठवायचाय. आता तुमच्याच सहीने जाऊ दे की."

दोन पानं होती, इंग्रजीत. मी वाचायला पर्समधून चष्मा काढला, तर ते म्हणाले, "वाचा, वाचा, सावकाश वाचा." त्या बोलण्याने मलाच लाज वाटली. ज्याने तेहतीस वर्षं माझं नाव सांभाळलं त्याच्यासमोर बसून त्याचा कागद तपासायचा? नाही वाचला. सही केली.

आर्किटेक्ट म्हणून माझी पहिली सही. आडवी रेघ ओढताना सिस्टर आठवल्या.

१ मार्च, शनिवार

मृणाली सकाळीच आली. चहा नको म्हणाली.

"मावशी, तुमचं पूर्ण नाव आम्रपाली दत्ताराम तांबे. म्हणजे ए. डी. तांबे?"

"हो."

"आमच्या ऑफिसात ए. डी. तांबे म्हणजे सगळ्यांना पुण्याचे कुणी म्हातारे गृहस्थ वाटतात. तांबेसाहेब. कुणी पाहिलेलं नाही. सुहाससर सांगतात, साहेबांना प्रवास झेपत नाही, कागद मीच आणतो. निम्म्या गावाची घरं त्यांच्या सहीने पास झालीत. मी स्वतः शिक्के मारलेत, मावशी. तुम्ही शेजारी राहता आणि मी शिक्के मारत होते."

मी म्हटलं, दुसरे तांबे असतील. तिने मोबाईलवर फोटो दाखवला. आमच्या ऑफिसचा नकाशा, कोपऱ्यातली चौकट, तो १९९२चा नंबर. आणि सही.

ए बरोबर होता. गोलाईसुद्धा. पण आडवी रेघ डावीकडून उजवीकडे गेली होती, शेपूट उजवीकडे बाहेर आलं होतं.

मग तिने दुसरा फोटो दाखवला, त्या लॉजचा नकाशा. पहिल्या मजल्यावर सात फुटांची गॅलरी आणि खाली ना खांब ना बीम. पहिल्या वर्षाच्या पोराला विचारलं तरी सांगेल, ही पडणार. अलीकडचं काम, म्हणजे शाईची सही नाही, ऑनलाइन. मृणाली म्हणाली, "याला तुमच्या मोबाईलवर ओटीपी आला असणार. तुम्ही दिला असेल तरच झालं हे."

मी म्हटलं, "तो तर पीएफचा असतो."

स्वयंपाकघरात जाऊन तिनेच चहा टाकला.

आमच्या ऑफिसात पीएफ नाही. कधीच नव्हता. हे मला आत्ता, लिहिताना आठवलं.

३ मार्च

कामावर गेले नाही. आवळ्याचं लोणचं घातलं.

४ मार्च

गेले. केबिनचं दार लावून घेतलं. बसले नाही.

"सर, परवा सही केली त्या पत्रात काय होतं?"

"नेहमीचंच."

"काय होतं?"

त्यांनी पेपरवेट फिरवायला घेतला. "लॉजच्या कामावर देखरेख तुमची होती, एवढंच. तक्रार नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याच्यावरच होते, बाई. मी काय करू? कौन्सिल फार तर ताकीद देईल. बाईमाणूस म्हणून सोडूनही देतील."

"पत्र परत द्या."

"त्याच दिवशी स्पीड पोस्टने गेलं."

मी विचारलं, १९९२ला मला का नाही सांगितलंत. यावर ते एकदम चिडले. मी त्यांना चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "सांगून काय झालं असतं? तुम्ही दोन दिवसांत ऑफिस थाटलं असतंत आणि या गावात आलं कोण असतं तुमच्या नावाच्या पाटीकडे? उपाशी राहिला असतात. मी काम दिलं, खुर्ची दिली, वडिलांच्या आजारपणात गाडी दिली. तुमचं नाव चारशे इमारतींवर आहे. कुठल्या आर्किटेक्टचं आहे सांगा जिल्ह्यात?"

"माझं नाही. तांबेसाहेबांचं आहे."

"तेच ते."

"गाडीचं मी कधी विसरले नाही, सर," मी म्हटलं. मग सांगितलं की प्रमाणपत्र द्या. वाळवी लागलेलं.

ते उठले, कपाटातून काढलं आणि टेबलावर ठेवलं. पदवीचं आणि कौन्सिलचं, दोन्ही, एका प्लास्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्या घालून. एका कोपऱ्यालाही काही झालेलं नव्हतं.

वाळवीपेक्षा ते नीट जपलेलं पाहून मला जास्त रडू आलं.

८ मार्च

विनोदच्या ओळखीच्या वकिलांशी फोनवर बोलले. त्यांच्या मते प्रकरण सोपं आहे. एकही सही माझी नाही, हस्ताक्षरतज्ज्ञ सांगेल. निवेदन द्यायचं की ए. डी. तांबे या नावाने दाखल झालेल्या एकाही नकाशाशी माझा संबंध नाही. लॉज गेलं, चौकशी गेली. परवाचं पत्र फसवून घेतलं म्हणून सांगायचं.

"एकाही नकाशाशी?" मी विचारलं.

"एकाही. एक जरी मान्य केलात तर बाकीचे गळ्यात येतील."

विनोद म्हणाला, "ताई, ऐक त्यांचं. कशाला हवीत ती घरं?"

११ मार्च

सिस्टरना सगळं सांगितलं. वाटलं होतं, क्षमेबद्दल काही बोलतील. जपमाळ गुंडाळून बाजूला ठेवत त्या म्हणाल्या, "मला तो माणूस आवडत नाही." मग विचारलं, "त्यातले तुझे कुठले?"

"म्हणजे?"

"चारशेमधले तू काढलेले कुठले, ते तुला माहीत आहेत का?"

"पाहिल्यावर कळतील."

"मग आधी पाहा."

१२ ते २४ मार्च

रोज सकाळी मृणालीबरोबर तिच्या ऑफिसात, रेकॉर्डच्या खोलीत. रीतसर अर्ज केलाय. शिपाईमामांनी स्टूल दिलं. तिसऱ्या दिवशी गठ्ठे उतरवता उतरवता म्हणाले, "तांबेसाहेब तुम्हीच होय? मी म्हणत होतो साहेबांना एकदा बघायचाय." आणि खरोखरच जरा वेळ बघत उभे राहिले.

एकूण चारशे बारा. नकाशांचे जुने अमोनिया प्रिंट निळेजांभळे पडलेत, घड्यांवर फाटलेत. मला चौकट बघावी लागत नाही, आधी खिडक्या बघते. दोन फूट तीन इंच असेल तर माझा.

पावसचं बागेतलं दोन खोल्यांचं घर, कलमाचं झाड तोडायला नको म्हणून भिंत वळवली होती ते. मिरकरवाड्यातला बर्फाचा कारखाना, बायका डोक्यावर पाट्या घेऊन येतात म्हणून पायऱ्या ठेंगण्या केल्या होत्या. नाचण्यातला दवाखाना, बाकावर वाट बघणाऱ्याला जांभळीचं झाड दिसतं. सगळं आठवतंय. कुठला नकाशा काढताना बाबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवत होते, कुठला काढताना ते गेले.

सहीसुद्धा पाहत गेले. १९९२, ९३मध्ये अक्षर घाबरलेलं आहे, ए थांबत थांबत काढलाय. सरांनी घरी बसून सराव केला असेल. दोन हजार सालानंतर सफाई येते. पुढे पुढे तर माझ्यापेक्षा चांगली. मी सही केलीच कितीदा? बँकेत आणि मतदानाला. त्यांनी शेकड्यांनी केली. फक्त ती आडवी रेघ मात्र तेहतीस वर्षांत त्यांच्या कधी लक्षात आली नाही. मी समोर बसून डाव्या हाताने काढत होते, तरी.

माझे तीनशे एकाहत्तर.

२५ मार्च

निवेदन पाठवलं. दोनच वाक्यं मला महत्त्वाची होती. पहिलं, या चारशे बारा नकाशांपैकी एकाही नकाशावरची सही माझी नाही. दुसरं, यांपैकी तीनशे एकाहत्तर नकाशे माझे आहेत, यादी सोबत जोडली आहे. फेब्रुवारीचं पत्र न वाचता सही केलं होतं, ते मागे घेते, हेही लिहिलं.

वकील म्हणाले, दुसरं वाक्य काढा, तुम्ही स्वतःहून फास घालून घेताय. यातलं एखादं घर उद्या पडलं तर?

मी म्हटलं, पडणार नाही. मी काढलंय.

१० एप्रिल

नोकरी सोडल्याचं पत्र रजिस्टरने पाठवलं होतं, त्याला सरांचं उत्तर नाही. बाबू भेटला रस्त्यात, नजर चुकवून गेला. मग परत वळून आला नि म्हणाला, "ताय, माझ्या बहिणीचा घर तुमीच काडलाव ना? पोरा खिडकीत बसूनशान आभ्यास करतात." एवढंच. पुन्हा गेला.

१४ एप्रिल

विहारात गेले. मुलींनी लेझीम चांगलं केलं. कुणीतरी ओळख करून दिली, या आर्किटेक्ट तांबेमॅडम. मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही.

२९ एप्रिल

सिस्टरनी दगड आणून ठेवलाय, काळा, कोल्हापूरचा. कोरा आहे. म्हणाल्या, "दगडाला घाई नसते." पण जून महिनाभरावर आलाय आणि माझ्या नकाशातली चौकट रिकामी आहे. चौकशी संपेपर्यंत मी सही करू शकत नाही. त्यांना दुसरा आर्किटेक्ट बघा असं सांगायचं ठरवून गेले होते. सांगता आलं नाही.

५ मे

कौन्सिलचं पत्र. उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं, मग मृणालीला वाचायला लावलं.

त्यांच्याकडे माझी दोन पत्रं पोचली आहेत, सत्तावीस फेब्रुवारीचं आणि पंचवीस मार्चचं. दोन्हींवरची सही त्यांच्या दप्तरातल्या माझ्या सहीच्या नमुन्याशी जुळत नाही. म्हणून दोन्हींची दखल घेतलेली नाही.

दप्तरातला नमुना २०१२ सालच्या नूतनीकरणाचा आहे. म्हणजे सरांच्या हातचा.

मृणाली आधी हसायला लागली. "मावशी, म्हणजे त्यांनी लिहून घेतलेलं पत्रही गेलं! त्यांच्याच सहीमुळे!" मीही हसले. मग लक्षात आलं की माझं खरं निवेदनही त्याच कारणाने परत आलंय. त्या दप्तरात आम्रपाली तांबे आहे, तेहतीस वर्षांची, सही चोख करणारी. आणि मी तिच्यासारखी दिसत नाही. त्यांना पटावं असं वाटत असेल तर मला सरांसारखी सही करता आली पाहिजे.

एक वाट ठेवलीय त्यांनी. बँकेच्या मॅनेजरसमोर नव्या नमुन्याच्या सहा सह्या करायच्या, त्यांनी शिक्का मारायचा आणि दोन जूनला दिल्लीला समक्ष हजर राहायचं. तिथे ते जुन्या फॉर्मवरची, १९९१ची माझी सही काढून समोर ठेवतील आणि ताडून पाहतील. विनोदने तिकिटं काढली.

७ मे

बँकेत गेले. मॅनेजर तरुण आहेत, लातूरकडचे, इथल्या दमटपणाने वैतागलेले. कागद समोर ठेवला, सहा चौकटी. पेन घेतलं आणि हात चालेना. आजवर न बघता केलेली सही, आता आठवावी लागली. आधी सुरुवात कुठून करते मी?

एवढ्यात मोबाईल वाजला. मेसेज, सहा आकडे, मुदत दहा मिनिटं. पाठोपाठ सरांचा, "बाई, ओटीपी आला का? जरा लवकर सांगा."

दोन महिन्यांत दुसरा शब्द नाही त्यांचा. आणि आज हा, सवयीने. कुठल्या तरी बंगल्याचा नकाशा या क्षणी त्यांच्या समोर उघडा असेल, माझ्या नावाची चौकट आकड्यांची वाट बघत. लगेच फोनही वाजायला लागला.

मॅनेजरनी तिरकं पाहिलं. "ओटीपी का, मॅडम? कुणालाही सांगू नका बरं का. अगदी ओळखीच्या माणसालासुद्धा."

"ओळखीच्याच माणसाचा आहे," मी म्हटलं.

"तेच जास्त फसवतात," ते म्हणाले आणि पंखा वाढवायला उठले.

फोन पुरता वाजून थांबला. पुन्हा वाजला. सर या वेळी बीपीची गोळी घेतात, मी आठवण करायचे. आता कोण करतं कोण जाणे, असं मनात आलं आणि माझाच मला राग आला. फोन उपडा ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. दहा मिनिटं. मॅनेजर दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होते, त्यांनी घाई केली नाही.

दहा मिनिटं झाल्यावर पेन डाव्या हातात घेतलं.

पहिली सही वाकडी आली. दुसरी बरी आली. सहाव्या चौकटीत पूर्ण ए काढून आडवी रेघ उजवीकडून डावीकडे ओढली तेव्हा मॅनेजर वाकून पाहत होते.

"उलटी ओढता की हो रेघ."

"पहिलीपासून," मी म्हटलं.

त्यांनी शिक्का मारला.